‘पिवळी छत्री’ कुणी गायली?

हम काही केल्या जात नव्हता. तीन दिवस झाले होते.

हम म्हणजे काय ते आधी सांगतो. ट्यूबलाइटच्या चोकजवळ नाहीतर ट्रान्सफॉर्मरजवळ कान नेला की ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो ना, तो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. हे पन्नास सायकल्स अॅम्प्लिफायरमध्ये शिरतात आणि रेकॉर्डिंगवर कायमचे बसतात. जुनं रेकॉर्डिंग साफ करताना पहिला निकाल त्यांचाच लावायचा. कॉम्प्युटरवर पन्नासला फिल्टर टाकायचा, म्हणजे नेमका तेवढाच आवाज कापायचा. पाच मिनिटांचं काम. लोकांच्या लग्नाच्या, कीर्तनाच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या ढीगभर कॅसेटींवर मी ते डोळे मिटून केलं होतं.

इथं मात्र फिल्टर टाकला तरी घुंऽऽ जिथल्या तिथं. मी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या. मग घराच्या वायरिंगला दिल्या. मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि दोन बादल्या पाणी ओतलं. मी मूळचा नामपूरचा. डोकं फिरलं की तोंडातून अहिराणी येते. “हाई काय शे?” असं मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की मंगल, माझी बायको, लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. म्हणाली, “कुणाशी भांडताय? खोलीत तर कुणीच नाही.”

माझं काम सांगायचं तर, मी सातपूरच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं मेंटेनन्सला होतो. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती. दोन हजार सालाच्या आसपास व्हीआरएस घेतली आणि घराच्या पुढच्या खोलीत जुन्या टेप आणि रेकॉर्डी सीडीवर उतरवून द्यायचा धंदा सुरू केला. त्या काळात घरोघरी सीडी प्लेअर आले होते आणि माळ्यावरच्या कॅसेटींना बुरशी लागायला लागली होती. काम भरपूर होतं.

पण हे काम वेगळं होतं. ही ‘पिवळी छत्री’ होती.

आजच्या पोरांना माहीत नसेल. सत्तरच्या दशकात मराठीत ‘पॉप’ म्हणावं असं फार काही नव्हतं. आमच्या नाशिकच्या अण्णा कुलथेंनी ते केलं. गिटार, बोंगो, अॅकॉर्डियन आणि एका बाईचा आवाज. आठ गाणी, एक एलपी. मुंबईच्या एका छोट्या कंपनीनं ती काढली. कंपनी पुढे बुडाली, पण रेकॉर्ड काही बुडाली नाही. गणपतीत वाजली, हॉटेलांत वाजली, माझ्या स्वतःच्या लग्नात वाजली. मंगलला आठही गाणी पाठ होती, भांडी घासताना ओळीनं म्हणायची.

अण्णा वारले. त्यांचा मुलगा नितीन, सातपूरला त्याचं छोटं वर्कशॉप, तो एक दिवस बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मूळ स्पूल टेप घेऊन आला. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आसपास त्याला ‘पिवळी छत्री’ची नवी सीडी काढायची होती. रविवारी दुपारी हॉल, जुने श्रोते बोलवायचे, सगळ्यांनी मिळून गाणी ऐकायची, असा बेत. “काका, रिमास्टर करून द्या,” म्हणाला. रिमास्टर म्हणजे मूळ टेप पुन्हा नीट उतरवायची, घाण काढायची, आवाज उजळायचा. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

आणि आता हा हम.

चौथ्या दिवशी अक्कल आली. कारखान्यात आमचे साहेब एक गोष्ट रोज डोक्यात घालायचे, आधी मोजा, मग पाना लावा. मी मोजलंच नव्हतं. पन्नास असणार असं धरून चाललो होतो. कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख काढला. पहिल्या गाण्यात हम होता एक्कावन्नला. चौथ्यात बावन्नला. आठव्यात, म्हणजे खुद्द ‘पिवळी छत्री’मध्ये, त्रेपन्नला!

आता वीज कमी होते, हे कळतं. आपल्या राज्यात तिला दुसरं येतं काय? पण वीज जास्त झाली, असं कुणी कधी ऐकलंय?

पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. माझंच टेप मशीन जोरात पळत असेल. ते टेस्ट टेप लावून तपासलं, मशीन ठणठणीत. मग घरातली एलपी काढली, ती मोजली. तिच्यावरही तेच आकडे. म्हणजे दोष माझा नव्हता. घोळ रेकॉर्डिंगच्या दिवशीच झाला होता.

आता जरा सावकाश ऐका. रेकॉर्ड करताना टेप हळू फिरली आणि नंतर वाजवताना बरोबर वेगानं फिरली, तर सगळंच जलद आणि बारीक होतं. हमही चढतो, गिटारही चढते आणि गाणाऱ्याचा आवाजही चढतो. पन्नासचे त्रेपन्न झाले म्हणजे जवळपास अख्खी पट्टी चढली. बाई पांढरी पाचमध्ये गायली असेल तर रेकॉर्डवर काळी चार ऐकू येणार. आणि आवाज पोरीसारखा कोवळा होणार.

मी नितीनला फोन केला. “अरे, हे रेकॉर्डिंग कुठं, कसं झालं होतं?”

“मी तेव्हा पाळण्यात होतो, काका. सुलभाताईंना विचारा. पण जपून. त्या या रेकॉर्डचं नाव काढू देत नाहीत.”

सुलभाताई गायधनी म्हणजे ‘पिवळी छत्री’ची गायिका. गंगापूर रोडला राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या. मी गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं, मी आलो कशाला ते ऐकलं, आणि पाणीसुद्धा न विचारता म्हणाल्या, “रेकॉर्डचं सोडून काहीही विचारा.”

मी म्हटलं, “ताई, मला गाण्याचं काही विचारायचं नाही. मशीनचं विचारायचंय. ते विजेवर चालत होतं की सेलवर?”

हा प्रश्न त्यांना अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारला नसावा. त्या दारातच थांबल्या. मग म्हणाल्या, “आत या.”

एका शाळेच्या हॉलमध्ये, सुटीच्या दिवशी रेकॉर्डिंग झालं होतं. मुंबईचा रेकॉर्डिस्ट आला होता. व्होल्टेज फार खालीवर होत होतं, म्हणून त्यानं आपलं मशीन टॉर्चच्या सेलवर चालवलं. गिटारचा अॅम्प्लिफायर तेवढा विजेवर. सकाळी सुरुवात, संध्याकाळी आठवं गाणं.

“सेल बदलले का मध्ये?”

“नाही हो. तो म्हणाला, चालतील. आणि आम्ही प्रत्येक गाणं लगेच वाजवून ऐकलं. छान वाटलं. बरोबर वाटलं.”

वाटणारच! मी मांडीवर थाप मारली. त्याच थकलेल्या सेलवर, त्याच हळू फिरणाऱ्या मशीनवर वाजवलं तर बरोबरच वाटणार. चूक करणारं आणि चूक तपासणारं मशीन एकच. मुंबईत गेल्यावर टेप चांगल्या मशीनवर लागली आणि पळायला लागली. तिथं ताईंचा खरा आवाज कुणाला माहीत होता? चटपटीत वाटलं, कंपनी खूश.

मी हे सगळं सांगितलं.  मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

“तुम्हाला काय माहीत, माझं काय झालं ते. मी ट्रंकवर होते. तेव्हा बाहेरगावी फोन लावायचा तर ऑपरेटरमार्फतच. सगळा जिल्हा माझा आवाज रोज ऐकायचा. रेकॉर्ड आली आणि लोक म्हणायला लागले, ही ती बाई नव्हेच. मुंबईच्या कुठल्याशा पोरीनं गायलंय आणि नाव हिचं टाकलंय. आमचे दोन कार्यक्रम झाले. दुसऱ्या कार्यक्रमात मागून पोरं ओरडायला लागली, रेकॉर्डसारखं गा, रेकॉर्डसारखं! मी अण्णांना म्हटलं, पट्टी चढवा. चढवली. तिसऱ्या गाण्यात आवाज फाटला. स्टेजवर. त्यानंतर मी गायले नाही. सासूबाई जाईपर्यंत म्हणत होत्या, खरं सांग गं, तूच गायलीस ना? आता घरातल्या माणसानंच असं विचारल्यावर काय बोलायचं?”

 एवढ्या वर्षांत मी ती रेकॉर्ड हजारदा ऐकली असेल. मलाही तो आवाज सतरा-अठरा वर्षांच्या पोरीचाच वाटायचा. आणि हो, ती अफवा मीही कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहाबरोबर चघळली होती. हे मी ताईंना तेव्हा सांगितलं नाही. धीर झाला नाही.

घरी येऊन कामाला बसलो. हम पुसायचा नाही, आधी त्याच्यावरूनच वेग लावायचा. हम पन्नासावर येईल इतकं गाणं हळू करायचं. प्रत्येक गाणं वेगळं, कारण सेल दिवसभर उतरत गेले होते. पण एक अडचण होती. त्या दिवशी वीज तरी नेमकी पन्नास होती कशावरून? साक्षीदार दुसरा हवा. नितीनकडे अण्णांचं अॅकॉर्डियन होतं, रेकॉर्डिंगमध्ये वाजलेलं तेच. अॅकॉर्डियनच्या आत वाजणाऱ्या धातूच्या पत्त्या कुणी हात लावल्याशिवाय सहसा सूर सोडत नाहीत. ते आणलं. भाता दोन ठिकाणी फुटला होता, तो चिकटपट्टीनं बांधला. मी एका हातानं भाता ओढतोय, दुसऱ्या हातानं माऊस हलवतोय, आणि मंगल माझ्यासाठी पट्ट्या दाबतेय, असा आमचा संसार दोन दिवस चालला. जुळलं. अगदी केसाएवढा फरक ठेवून जुळलं.

मग हम काढला, टेपची खरखर कमी केली, आणि दोघांनी बसून ‘पिवळी छत्री’ ऐकली. आवाज भरदार होता. एका पंचविशी ओलांडलेल्या, सकाळपासून गात आलेल्या बाईचा. गाणं जरा ऐसपैस चाललं होतं. शब्द सुटे सुटे कळत होते. मंगल म्हणाली, “अगं बाई! ही तर वेगळीच आहे.” आणि डोळे पुसायला लागली.

नितीनला बोलावलं. त्यानं दीड गाणं ऐकलं आणि हात वर केला.

“काका, हे मेलंय. स्लो झालंय.”

“स्लो नाही. खरं झालंय.”

“अहो, लोकांना ओळखीचं हवंय! अठ्ठावीस वर्षं जे कानात बसलंय ते. रिमास्टर म्हणजे साफ करायचं, बदलायचं नाही. हे तुम्हीच मला सांगितलं होतं.”

ते खरं होतं. मीच सांगितलं होतं. म्हणून जास्तच चिडलो. म्हटलं, “बदल त्या सेलनं केला होता. मी तो काढला. तू वर्कशॉपवाला ना? चुकीच्या गेजनं मोजलेला लेथवरचा जॉब वर्षानुवर्षं पास होत आला, म्हणून तो बरोबर होतो काय?”

“जॉब लोक गुणगुणत नाहीत, काका.”

 पोरगा काही चुकीचं बोलत नव्हता. शिवाय वडिलांची आठवण त्याची, कार्यक्रम त्याचा. मी म्हटलं, “बरं. एक काम कर. ही सीडी सुलभाताईंना ऐकवून येऊ. मग तू म्हणशील तसं.”

दोघं गेलो. ताईंनी सीडी लावली. पहिल्या ओळीला त्या खुर्चीच्या टोकाला सरकल्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी आत हाक मारली, “अहो, इकडे या जरा. लवकर या.” त्यांचे मिस्टर दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन आले. आणि तसेच उभे राहिले. गाणं संपलं. मग ते म्हणाले, “सुलभे, ही तू आहेस.” ताई म्हणाल्या, “तेच तर मी सगळ्यांना सांगत होते.”

खाली स्कूटरपाशी आल्यावर नितीन म्हणाला, “काका, दोन्ही वाजवू. आधी जुनं, मग तुमचं. लोक म्हणतील ते सीडीवर जाईल.”

ताई यायला तयार झाल्या, पण अटीवर. स्टेजवर बसणार नाही, नाव पुकारायचं नाही. शेवटच्या रांगेत बसेन आणि वाटलं तर उठून जाईन. लोक काय म्हणतील, याची त्यांना अजून धास्ती होती. खरं सांगतो, मलाही होती. हे श्रोते साधे नव्हते. सातपूरचे कामगार, मखमलाबादचे फूलवाले, भद्रकालीतले दुकानदार, पिशवीत मूळ एलपी गुंडाळून आलेली माणसं. एकानं तर कव्हरला प्लास्टिक शिवून घेतलं होतं. असं प्रेम करणाऱ्या माणसांना, तुम्ही आयुष्यभर चुकीचं ऐकलंत, हे सांगायचं कसं?

आधी जुनं वाजलं. अख्खा हॉल गात होता. मग मी माईकवर सेलची, हमची, मशीनची गोष्ट शक्य तितकी सोपी करून सांगितली आणि दुसरं लावलं.

आता कुणी गात नव्हतं. कुणी शेजाऱ्याकडे बघतंय, कुणी घड्याळाकडे. मधल्या रांगेतून एक जण म्हणाला, “टेप ओढतेय का हो?” हशा झाला.  मागे पाहिलं तर ताई पर्स उचलत होत्या.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उठले. पांढरी टोपी, हातात काठी. पारसशेठ, लासलगावचे कांद्याचे जुने व्यापारी. “बंद नका करू,” म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून लावा.”

लावलं. ते उभ्यानंच ऐकत होते. अर्ध्यावर त्यांनी काठी वर केली. मी थांबवलं.

“ही बाई नाशिक ट्रंकवर होती,” ते म्हणाले. “मी रोज सकाळी कलकत्त्याला फोन लावायचो. भाव विचारायला. तासन् तास लाइन लागायची नाही. रोज हाच आवाज सांगायचा, शेठजी, जरा थांबा. बारा वर्षं ऐकलाय मी हा आवाज. लय ओळखीचा हाय.” त्यांनी काठी खाली टेकवली. “रेकॉर्ड आली तेव्हा मार्केट यार्डात मीच छातीठोक सांगितलं होतं, ही ती बाई नाय म्हणून. मी आवाज ओळखतो म्हटल्यावर लोकांनी मानलं. तिथून पसरलं ते. त्या बाई कुठं असतील, जिवंत असतील तर मला त्यांच्या पाया पडायचंय.”

 तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला. माईक नाही, काही नाही, पण शेवटपर्यंत पोचणारा, ऐकल्याबरोबर माणूस सावरून बसेल असा.

“शेठजी, कलकत्त्याची लाइन लागत नव्हती त्यात माझा काय दोष होता हो?”

पारसशेठ वळले. त्यांच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायला चार माणसं धावली, आणि उरलेला हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्या थांबेचनात. ताई पुढे आल्या. शेठ खरंच वाकायला लागले तेव्हा त्यांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. म्हणाल्या, “राहू द्या. तुम्ही कान तरी खरा ठेवलात. तुमच्या कानाला पटलं नाही, ते बरोबरच होतं.”

मग आठही गाणी वाजली, खऱ्या वेगानं. मघाशी टेप ओढतेय म्हणणारा माणूस बाहेर जाताना माझ्यापाशी आला. “सवय व्हायला दोन गाणी लागली,” म्हणाला. “आता आधीचं घाईघाईचं वाटतंय.” मी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. उतारवयात मिळालेल्या या धंद्यानं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी ती दुपार दाखवीन. चारचौघांत उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणणारा माणूस आणि ते ऐकायला हजर असलेले ते दीडशे श्रोते, यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि बाहेर पडताना ताईंना मी कॅन्टीनमधल्या चहाचीही कबुली दिली. त्या म्हणाल्या, “तुम्हीपण? काय माणसं आहात!” आणि हसल्या.

सीडी खऱ्या वेगानंच निघाली. सगळ्यांना आवडली असं मुळीच नाही. नितीनकडे पत्रं आली. एकानं लिहिलं, ‘माझ्या लग्नात वाजली तीच खरी, तुमची तुम्हाला लखलाभ.’ त्याचंही बरोबर आहे. ज्याला जुनी हवी त्याला मी ती फुकट उतरवून देतो. धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच : ज्या मशीनवर काम केलं, त्याच मशीनवर ते तपासून खूश होऊ नये. शेजारच्याच्या मशीनवर एकदा वाजवून बघावं. मी अजूनही प्रत्येक सीडी शेजारच्या पाटलांकडे नेऊन लावतो. ते वैतागतात.

तीनेक महिन्यांनी सुलभाताईंचा फोन आला. “खैरनार, आज गंमत झाली. दळण टाकायला गेले होते. गिरणीवाला नवीन आहे, तरुण. मी म्हटलं, जाडसर दळा. तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बाई, तुम्ही ‘पिवळी छत्री’ गायलात का?”

मी विचारलं, “मग? काय म्हणालात?”

 

त्या म्हणाल्या, “हो म्हटलं. मीच गायले.”